वाकडातिकडा मोती इतका का आवडतो? बरोक मोत्यांबद्दल सोप्या भाषेत

मोती म्हटलं की डोळ्यासमोर गोल, पांढरा, एकसारखा दाणाच येतो. अक्षर सुंदर असलं की आपण मोत्यासारखं अक्षर म्हणतो, दात छान असले की मोत्यासारखे दात, म्हणजे मोती म्हणजे नीटनेटकेपणा हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लांबट, खड्डे पडलेला, एका बाजूला शेपूट आलेला मोती समोर आला की पहिला प्रश्न येतो हा खरा आहे का, आणि दुसरा, हा डिफेक्टिव्ह तर नाही ना. पण दागिने घडवणाऱ्या आणि मोती जमवणाऱ्या कित्येकांना नेमके हेच मोती हवे असतात, गोल दाण्यांचा ट्रे बाजूला सारून ते वाकड्यातिकड्यांच्या ढिगात हात घालतात. या मोत्यांना बरोक मोती म्हणतात. मला ते मनापासून आवडतात, आणि का आवडतात हे नीट सांगायचं तर मोती शिंपल्यात वाढतो कसा इथूनच सुरुवात करावी लागते, कारण त्याच्या वाढण्यात जे जे घडलं ते सगळं त्याच्या आकारात उतरलेलं असतं.

वाळूचा कण शिंपल्यात शिरतो आणि त्याचा मोती होतो, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतोय. प्रत्यक्षात असं फार क्वचित होत असावं, कारण कण आत गेला तर तो बाहेर टाकायला शिंपल्यातल्या प्राण्याला चांगलं जमतं. बहुतेक वेळा सुरुवात होते ती एखाद्या परजीवीमुळे किंवा जखमेमुळे. या प्राण्याच्या अंगाभोवती मँटल नावाचं मऊ आवरण असतं, शिंपला तयार करायचं काम त्याच्या बाहेरच्या पेशी करतात. यातल्या काही पेशी जखमेमुळे किंवा परजीवीमुळे आत, मांसात ढकलल्या गेल्या की त्या तिथे मरत नाहीत, उलट वाढून एक छोटीशी बंद पिशवी तयार करतात. आणि त्यांना एकच काम येतं, शिंपला बनवणं, त्यामुळे पिशवीच्या आत त्या तेच करत बसतात, थरावर थर, थरावर थर. तोच मोती. म्हणजे मोत्याला आत काही "कण" लागतोच असं नाही, पेशी पुरतात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची शेती बहुतेक याच तत्त्वावर चालते, एका शिंपल्याच्या मँटलचा बारीकसा तुकडा कापून दुसऱ्याच्या अंगात बसवतात, आत मणी वगैरे काही नाही, आणि तरी मोती तयार होतो.

हे थर म्हणजे नेकर. त्यात ॲरागोनाइट नावाच्या चुनखडीच्या जातीच्या खनिजाच्या अतिशय पातळ चकत्या असतात, आणि मधे मधे त्यांना धरून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य. एक चकती साधारण 0.3 ते 0.5 मायक्रॉन जाड, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे मोत्यावर 1 मिलिमीटरचा थर असेल तर त्यात साधारण 2000 ते 3000 पापुद्रे असणार. आणि हा आकडा लक्षात ठेवा, कारण आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन असते, म्हणजे चकतीची जाडी आणि प्रकाशाची लाट जवळपास एकाच मापाची. मोत्याची सगळी जादू या एका योगायोगावर उभी आहे, त्याकडे पुढे येतोच.

आता मोती गोल कधी होतो? पिशवीत तो सगळीकडून सारखा वाढला तर. आणि सारखा वाढायचा तर तो पिशवीत फिरत राहायला हवा, नाहीतर जिथे दाब जास्त तिथे कमी थर आणि जिथे मोकळीक तिथे जास्त असं होणार. तो खरंच फिरतो. फार हळू, एक फेरी पूर्ण व्हायला दिवसच्या दिवस जातात, पण फिरतो. का फिरतो याचं एक सुंदर स्पष्टीकरण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलंय: नेकरचे थर वाढताना मोत्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म पायऱ्या तयार होतात, त्या पायऱ्या सगळ्या एकाच दिशेला उतरत असल्या की आजूबाजूच्या रेणूंच्या धक्क्यांनी मोती एकाच दिशेला सरकत जातो, उलटा नाही. म्हणजे मोती स्वतःच्याच वाढीमुळे फिरतो. हे वाचल्यापासून मला तरी मोत्याकडे "निर्जीव दाणा" म्हणून बघताच येत नाही.

तो सगळ्या दिशांनी फिरला तर गोल होतो. एकाच अक्षाभोवती फिरत राहिला तर थेंबासारखा किंवा लंबगोल होतो, आणि अशा वेळी पृष्ठभागावर कुठे एखादा दोष असेल तर तो फिरता फिरता पूर्ण वेढा घेतो, मोत्याला सगळीकडून आडव्या रेघा पडतात, लेथवर धरून खाचा मारल्यासारख्या. याला सर्कल्ड मोती म्हणतात, प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशिया बेटांवरच्या काळ्या ताहितियन मोत्यांमध्ये असे भरपूर निघतात. आणि मोती फिरलाच नाही, किंवा अडखळत फिरला, तर बरोक. अडखळायला कारणं हजार. मोती स्नायूजवळ अडकला आणि शिंपला उघडमीट करताना एका बाजूने दाबला जात राहिला. दोन पिशव्या शेजारी वाढता वाढता एकमेकींत मिसळल्या, मग जुळा मोती. पिशवी घट्ट बसलीच नाही, एका कोपऱ्यात मोकळी जागा राहिली, तिथे नेकर भरत गेलं आणि मोत्याला शेपूट आलं. मणी घातलेल्या मोत्यात मण्याच्या बाजूला थोडं सेंद्रिय द्रव्य साचलं आणि तिथे फुगवटा आला. आणि जितका काळ मोती आत राहील तितकी यातलं काहीतरी घडायची शक्यता वाढते, म्हणून जास्त जाड थराचे मोती बऱ्याचदा वाकडे असतात. हे नीट लक्षात घ्या, कारण गोलपणा आणि थराची जाडी या दोन गोष्टी कित्येकदा एकमेकींच्या विरुद्ध जातात.

आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. कल्चर्ड, म्हणजे शेतीत वाढवलेल्या, मोत्यांतले जे अगदी गोल गरगरीत मोती असतात, अकोया, साउथ सी, ताहितियन हे खाऱ्या पाण्यातले प्रकार, त्यांच्यात बहुधा आत एक मणी असतो. शिंपल्याचाच, पण दुसऱ्या जातीच्या जाड शिंपल्यातून कापून मशीनवर गोल केलेला, यासाठी अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले शिंपले वर्षानुवर्षं वापरले गेलेत. हा मणी आणि मँटलचा तुकडा प्राण्याच्या अंगात बसवतात, आणि त्यावर नेकर चढतं. साउथ सी मोत्यात हा थर बऱ्यापैकी जाड असतो, अकोयात मात्र कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे समजा 7 मिलिमीटरचा अकोया हातात धरला तर त्यातला साधारण 6 मिलिमीटर हा मणी. त्याचा गोलपणा हा मुळात मण्याचा गोलपणा आहे. मला यात काही कमीपणा दाखवायचा नाही, चांगल्या अकोयासारखी आरशागत चमक दुसऱ्या कशाला नाही. पण मग केशी मोती घ्या, जो मणी न घालताच, चुकून सुटलेल्या पेशींपासून किंवा शिंपल्याने मणी बाहेर टाकल्यावर उरलेल्या पिशवीत तयार होतो, तो आरपार नेकर असतो. त्याचं प्रत्येक वळण, प्रत्येक खळगा त्या प्राण्याने स्वतः केलेला आहे, माणसाने आत साचा ठेवलेला नाही. ज्याला आपण बेडौल म्हणतो तो बऱ्याचदा जास्त "मोती" असतो.

आता प्रकाशाकडे. मोत्याच्या चमकेला आपल्याकडे पाणी म्हणतात, पाणीदार मोती म्हणतात, आणि हा शब्द अगदी बरोबर आहे कारण मोत्याची चमक नुसती वरून परत येत नाही, आतून येते. थोडा प्रकाश वरच्या पापुद्र्यावरून परततो, थोडा आत जाऊन खालच्यावरून, थोडा त्याच्याही खालच्यावरून, आणि या सगळ्या लाटा परत येताना एकमेकींत मिसळतात. थरांची जाडी प्रकाशाच्या लाटेच्या मापाची असल्यामुळे काही रंग एकमेकांना वाढवतात, काही मारतात. म्हणून पांढऱ्या मोत्यावर गुलाबी, हिरवट, निळसर झाक तरंगताना दिसते. याला इंग्रजी व्यापारात ओरिएंट म्हणतात. आणि कुठला रंग दिसणार हे आपण थरांकडे कुठल्या कोनातून बघतोय यावर ठरतं.

गोल मोत्यात हा कोन सगळीकडे शिस्तीत बदलतो. त्यामुळे त्यावर एकच ठळक चमकीचा ठिपका असतो, आणि रंगाची झाक असली तर एका कड्यासारखी. शांत, सुंदर, पण एकच. बरोक मोत्यात पृष्ठभाग सतत वळतोय, इथे उंचवटा, तिथे खोलगट, मधेच एक सपाट पट्टा, त्यामुळे थरांचा कोन दर मिलिमीटरला बदलतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा रंग, वेगळी चमक. एकदा करून बघा. खोलीत एकच दिवा चालू ठेवा, बाकी बंद, आणि बरोक मोती दोन बोटांत धरून त्यात दिव्याचं प्रतिबिंब शोधा. उंचवट्यावर ते टाचणीच्या डोक्याएवढं आणि झगझगीत दिसेल. मोती थोडा फिरवा, ते प्रतिबिंब उतारावरून घरंगळत जाईल, लांबेल, पट्ट्यासारखं होईल, सपाट भागावर आलं की पसरून दुधाळ होईल, आणि खोलगट भागात शिरलं की एकाचे दोन होतील किंवा उलट दिशेला पळायला लागेल. हे सगळं होत असताना कडेला गुलाबी आणि हिरवा रंग जागा बदलत असतात, आणि शेपटीच्या टोकाशी, जिथे नेकर सगळ्यात जास्त साचलेलं असतं, तिथे तर कित्येकदा धातूसारखी चकाकी दिसते. मी हे कितीही वेळ बघत बसू शकतो. गळ्यात घातलेला मोती तर श्वासाबरोबर, मान वळेल तसा हलतच असतो, त्यामुळे हा खेळ सतत चालू राहतो. बरोक मोत्याच्या आकर्षणाचं मोठं कारण मला हेच वाटतं, तो स्थिर दिसतच नाही.

नुसता वेडावाकडा आकार पुरत नाही हेही यावरून कळतं. 1934 मध्ये फिलिपिन्समधल्या पलावानजवळ एका महाकाय शिंपल्यात 6.4 किलोचा मोती सापडला होता, लाओ त्झूचा मोती म्हणून तो प्रसिद्ध आहे. आकार मेंदूसारखा, वळ्यावळ्यांचा. पण त्या जातीच्या शिंपल्यात नेकर नसतं, त्यामुळे तो चिनी मातीसारखा पांढरट आहे, ती खोल चमक नाही. अचाट वस्तू आहे यात शंका नाही, पण दागिन्यातला बरोक मोती जे करतो ते तो करू शकत नाही.

प्रकार म्हणाल तर खूप आहेत आणि नावं व्यापाऱ्यांनी आपापल्या सोयीने पाडलेली आहेत, सगळी पाठ करायची गरज नाही. जपानमधल्या बिवा तलावात एकेकाळी काडीसारखे लांबट, चपटे मोती व्हायचे, पुढे प्रदूषणामुळे तिथली शेती घसरली आणि आता बिवा नावाने विकले जाणारे काडी मोती बहुतेक चीनमधल्या गोड्या पाण्यातले असतात. चीनचेच 1970 आणि 80 च्या दशकातले मोती सुरकुतलेले आणि बारीक असायचे, कुरमुऱ्यासारखे, आणि स्वस्त मोत्यांची जी वाईट प्रतिमा झाली त्यात त्यांचा वाटा मोठा, नंतर शिंपल्याची जात बदलली, तंत्र सुधारलं आणि आज तिथले मोती ओळखू येणार नाहीत इतके बदललेत. शेपूटवाले मोठे मोती असतात त्यांना फायरबॉल म्हणतात, एक मोती काढल्यावर त्याच पिशवीत मणी घालून दुसऱ्यांदा वाढवलेले, त्यांच्यावर ओरिएंट भन्नाट असतो. साउथ सी बरोक मोठे, शांत, साटीनसारखे. ताहितियन बरोकमध्ये राखाडी, मोरपंखी, वांगी रंगांची झाक. आणि थोडासाच वाकडा असेल तर सेमी बरोक म्हणतात, म्हणजे थेंब किंवा लंबगोल म्हणून ओळखता येतो पण एका बाजूला कललेला.

माणसाला या मोत्यांचा नाद आजचा नाही. 16 व्या शतकात युरोपातल्या सोनारांनी बरोक मोत्यांबरोबर जे केलं ते बघितलं की थक्क व्हायला होतं. ते मोत्याला बसेल असा दागिना शोधत नव्हते, मोत्यात आधीच काय दिसतंय ते शोधायचे. फुगीर मोती दिसला की हंसाचं अंग, दोन गाठींचा दिसला की उंट, लांबट वळलेला दिसला की समुद्रातला राक्षस, आणि मग उरलेलं डोकं, पाय, पंख सोन्यात आणि मीनाकामात करायचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये कॅनिंग ज्वेल नावाचं पेंडंट आहे, भारताचे पहिले व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांच्यावरून हे नाव पडलं. वर माणूस, खाली मासा असा समुद्रपुरुष, आणि त्याची छाती आणि पोट म्हणजे एकच मोठा बरोक मोती, त्यातल्या नैसर्गिक उंचसखल भागांमुळे खरोखर पीळदार धड वाटतं. फार काळ तो 16 व्या शतकातला मानला जायचा, आता त्याच्या वयाबद्दल तज्ज्ञांचं मत बदललंय आणि तो बराच नंतरचा समजतात, पण त्याने तो मोती कमी सुंदर होत नाही.

याच नादाचं टोक बघायचं तर जर्मनीतलं ड्रेस्डेन. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस द स्ट्राँग याने 18 व्या शतकाच्या सुरुवातीला बरोक मोत्यांच्या छोट्या छोट्या मूर्तींचा मोठा संग्रह केला, तो आजही तिथल्या ग्रीन व्हॉल्ट या संग्रहालयात आहे. स्वयंपाकी, सैनिक, वादक, बोटाएवढी माणसं, आणि प्रत्येकाचं पोट किंवा पाठ किंवा विजार म्हणजे एक वाकडा मोती. फ्लॉरेन्सच्या पिट्टी पॅलेसमध्ये तिथल्या मेदिची या राजघराण्यातल्या शेवटच्या ॲना मारिया लुईसा यांच्या संग्रहातही अशा वस्तू आहेत. मग 1900 च्या सुमारास पुन्हा एक लाट आली, टिफनी या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीने अमेरिकन नद्यांमधले लांबट, दातासारखे मोती पाकळ्या म्हणून लावून शेवंतीचे ब्रोच केले आणि फ्रान्समध्ये दागिन्यांचे कलाकार रने लालिक यांनी असे मोती शिंग, काच आणि मीनाकामाबरोबर वापरले. आधीच्या सोनारांना मोत्यात प्राणी दिसायचे, यांना पाकळी दिसली, पान दिसलं.

पण मग गोल मोत्याची एवढी शान कशामुळे? कारण सरळ आहे, तो मिळायचाच नाही. मोत्यांची शेती सुरू होण्याआधी सगळे मोती नैसर्गिक, बहुतेक समुद्रात बुडी मारून काढलेले, आणि त्यात एकसारखे गोल दाणे जमवून एक सर पूर्ण करायला कधी कधी वर्षानुवर्षं लागायची. 1917 मध्ये कार्टिए या फ्रेंच जवाहिऱ्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा एक वाडा 100 डॉलर आणि नैसर्गिक मोत्यांचा एक दुपदरी हार देऊन घेतला, हाराची किंमत तेव्हा 10 लाख डॉलर धरली होती. एका हारात वाडा! नंतर काही वर्षांतच कल्चर्ड मोत्यांनी बाजार उलटापालटा केला. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी 1893 मध्ये अर्धगोल मोती वाढवून दाखवला होता, 20 व्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण गोल मोत्याचं तंत्र जमलं आणि 1920 च्या दशकापासून गोल मोती आवाक्यात येत गेला. आज गोल दाणा मिळवणं अवघड राहिलेलं नाही. उत्तम दर्जाचा गोल मोती आजही दुर्मिळ आणि महाग आहे, आकाराच्या उतरंडीत तो आजही सगळ्यात वर असतो, पण "गोल दिसणारं काहीतरी" मात्र कुठेही मिळतं, प्लास्टिकमध्ये, काचेत, कशातही. गोल मोती बघून आता हा खरा आहे हे डोळ्यांना जाणवत नाही, आणि बरोक मोती बघून जाणवतं. हा बदल मला फार मोठा वाटतो.

मग घालणाऱ्याचा भाग येतो. एकसारख्या गोल मोत्यांचा सर म्हटला की औपचारिक समारंभ, ठराविक कपडे, ठराविक वय असं काहीतरी डोक्यात येतं, बरोकला ते ओझं नाही. साध्या कॉटनच्या शर्टावर, जाड चेनमध्ये, चामड्याच्या दोरीत, कशातही तो बसतो. पुरुषांनी मोती घालणं गेल्या काही वर्षांत पुन्हा दिसायला लागलंय, 2019 च्या मेट गालामध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध फॅशन समारंभात, ब्रिटिश गायक हॅरी स्टाइल्स एका कानात लोंबता मोती घालून आला त्याची बरीच चर्चा झाली, आणि त्यानंतर पुरुषांच्या दागिन्यांत बरोकही भरपूर दिसायला लागले. आणि दुसऱ्या कोणाकडेही हाच मोती असणं शक्य नाही, ही गोष्ट लोकांना मनापासून हवी असते.

घडवणाऱ्यासाठी मात्र हा मोती सोपा अजिबात नाही, आणि हे काम लोकांना दिसत नाही म्हणून जरा सविस्तर. गोल मोती कुठूनही विंधला तरी चालतो, हां, डाग असेल तर भोक तिथेच पाडतात म्हणजे तो झाकला जातो. बरोक मोत्यात भोक कुठे पडणार यावर तो कसा दिसणार हे सगळं ठरतं. त्याचा गुरुत्वमध्य कुठे आहे ते आधी बघावं लागतं, नाहीतर लोंबता मोती घातल्यावर गिरकी घेऊन आपली सपाट, निस्तेज बाजू पुढे करतो. चांगले कारागीर मोती चिमट्यात किंवा मेणावर धरून वेगवेगळ्या बाजूंनी बघतात, तो आपणहून कुठल्या बाजूला झुकतोय ते बघतात, आणि मग खूण करतात. कानातल्यांच्या जोडीत तर अजून मजा. दोन हुबेहूब बरोक मोती मिळणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे वजन, रंगाची झाक आणि एकूण हालचाल जुळवतात, आकार एकमेकांना साद देईल इतपत पुरतो, एकाचा बाक डावीकडे असेल तर दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना तोल राहतो. माळेतही तसंच, लहान मोठे, चपटे फुगीर असे लावताना कुठे डोळा अडखळतोय ते बघत बघत पुन्हा पुन्हा उसवून ओवावं लागतं. गोल मोत्यांची प्रतवारी मापाने करता येते, इथे माप फारसं कामाला येत नाही, नजरच लागते.

घ्यायचा असेल तर काय बघायचं? जीआयए ही रत्नपरीक्षा करणारी संस्था मोत्यासाठी सात गोष्टी बघते: आकारमान, आकार, रंग, चमक, पृष्ठभाग, नेकरचा दर्जा आणि जुळणी. बरोकच्या बाबतीत माझं मत ठाम आहे, आधी चमक बघा, मग चमक बघा, आणि मग बाकीचं. आकार कितीही विलक्षण असला आणि पाणी नसेल, खडूसारखा दिसत असेल, तर सोडून द्या, बरोक म्हटलं की काहीही खपतं असं समजून असा बराच माल विकला जातो. सुरकुत्या, खळगे, रेघा या त्याच्या वाढीच्या खुणा आहेत, त्या चालतात. तडा चालत नाही. नेकर सोललं गेलेलं किंवा भोकाजवळ कड तुटलेली चालत नाही, तिथून ते पुढे सुटत जातं. दोन भाग जुळलेला किंवा शेपटीचा मोती असेल तर मानेचा बारीक भाग उजेडासमोर धरून नीट तपासा, तिथेच तो मोडू शकतो.

रंग ओळखायला बरोकमध्ये एक सोय आहे. गडद रंगाचा, चॉकलेटी किंवा काळा किंवा भडक निळा मोती असेल तर खळग्यांत आणि भोकाच्या कडेला बघा, रंगवलेल्या मोत्यात रंग तिथे साचून जास्त गडद दिसतो. रंगवलेला मोती वाईट असं नाही, पण सांगून विकायला हवा. नकली बरोकही निघतात, काचेचे, प्लास्टिकचे, शिंपल्याच्या भुकटीचे. माळ हातात घेऊन दोन सारखे दाणे शोधा, अगदी तोच खळगा, तोच उंचवटा दोन ठिकाणी दिसला तर तो साच्यातून आलाय. भिंगातून भोक बघा, नकलीत वरचा लेप पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. दाताच्या कडेवर हलकेच घासल्यावर खरा मोती किंचित खरखरीत लागतो आणि नकली गुळगुळीत, हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण मोती नैसर्गिक की कल्चर्ड हे यातून कळत नाही, त्यासाठी लॅबमध्ये एक्स-रे काढावा लागतो, दुसरा भरवशाचा मार्ग नाही. कोणी बरोक मोती "आकार असा आहे म्हणजे नैसर्गिकच" असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, आज मिळणारे बहुतांश बरोक मोती कल्चर्ड आहेत.

सांभाळायचं म्हणाल तर मोती मऊ असतो, कठीणपणा मोजायच्या मोह्स स्केलवर साधारण 2.5 ते 4.5, हिरा 10 वर. त्यामुळे बाकीच्या दागिन्यांबरोबर एकाच डबीत टाकला की ओरखडे पडणार. आम्लाने नेकर विरघळतं, घाम, परफ्यूम, हेअरस्प्रे सगळंच त्याला वाईट, म्हणून सगळं आवरून झाल्यावर मोती घालायचा आणि घरी आल्यावर आधी तो काढायचा. बरोकला एक जास्तीचं काम आहे, खळग्यांत क्रीम आणि मळ बसतो, नुसतं वरून पुसून तो निघत नाही. मऊ कापडाचा कोपरा साध्या पाण्यात ओला करून पिळून घ्या आणि खळग्यातून हलक्या हाताने फिरवा, ब्रश नको, अल्ट्रासॉनिक मशीन तर अजिबात नको. माळ असेल तर पुसल्यावर आडवी ठेवून पूर्ण वाळू द्या, ओल्या दोऱ्यावर लोंबकळत ठेवली की दोरा ताणतो आणि दोन मोत्यांमधल्या गाठी सैल होतात. अर्धं भोक पाडून खिळ्यावर चिकटवलेला मोती असेल, अंगठीत किंवा कानातल्यात, तर अधूनमधून दोन बोटांनी हलवून बघा, वाकड्या मोत्याचं वजन एका बाजूला असल्यामुळे तो जोड लवकर ढिला होतो, आणि जरा जरी हलला तरी तो दागिना घालणं थांबवून आधी परत बसवून घ्या.